उशीर कुणाचा लिहिला जातो?

अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात एक जमलेलं लग्न मोडल्याची बातमी 2025च्या फेब्रुवारीत आली होती. ना हुंड्यावरून मोडलं, ना पत्रिकेवरून. मुलीच्या मामाने मुलाचा सिबिल स्कोअर मागितला. तो कमी निघाला, नावावर बरीच कर्जं दिसली आणि बोलणी तिथेच संपली. बातमी हसत हसत सगळीकडे फिरली. मला मामा काही हास्यास्पद वाटला नाही. भाची द्यायची तर घरावर कर्ज किती आहे हे विचारायलाच हवं. पण कर्ज किती हे विचारणं वेगळं आणि त्याच आकड्यावरून माणूस कसा आहे हे ठरवणं वेगळं. ही रेघ आता पुसट होत चालली आहे.

आकड्यात असतं काय? तो 300 ते 900 च्या दरम्यान असतो आणि क्रेडिट कार्डाचा अर्ज गेला की बँक आधी तो बघते. किमान अमुक हवाच असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. प्रत्येक बँक आपली रेघ आखते. साडेसातशेच्या वर असलं की काम सोपं जातं, एवढं खरं. हप्ते वेळेवर गेले का, कार्डाचं लिमिट किती वापरलं, खाती किती जुनी, अलीकडे कुठे कुठे अर्ज केले, यावर तो बनतो. पगारही त्यात नाही. भिशी कधी चुकवली नाही, खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे दर महिन्याला दिले, किराणावाल्याची उधारी शेवटच्या रुपयापर्यंत फेडली, यातलं काहीच त्यात येत नाही. ज्याने जन्मात कर्ज काढलं नाही त्याच्या क्रेडिट अहवालावर तर आकड्याच्या जागी उणे एक असतं. कर्जाचा पहिलाच अर्ज निव्वळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने 2025च्या जानेवारीत सांगितलं आहे. मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड हाही अशा माणसाला एक सरळ रस्ता आहे.

आता पुण्याजवळच्या चाकण पट्ट्यातल्या महाळुंगे, निघोजे, खराबवाडी इथल्या एखाद्या कंत्राटी मुलाचं पाहा. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून येतो, ठेकेदाराच्या रोलवर लागतो. सहा-सात महिने झाले की ब्रेक. वर्षात 240 दिवस भरले तर कायद्याने काही हक्क उभे राहतात, म्हणून ते भरूच द्यायचे नाहीत, ही रीत या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ब्रेक म्हणजे दुसरीकडे नंबर लागेपर्यंत पगार बंद. मोबाइलचा आणि मोटरसायकलचा हप्ता मात्र पाच तारखेला खात्यावर येऊन धडकतोच. पैसे नसले की बाऊन्स. बँकेचा दंड वेगळा, फायनान्स कंपनीचा वेगळा. शिवाय अहवालात त्या महिन्यापुढे किती दिवस थकले हे लिहिलं जातं आणि मागच्या 36 महिन्यांची अशी पट्टी पुढचा प्रत्येक सावकार वाचतो. किती दिवस, याला रकाना आहे. का, याला नाही.

भोसरीतल्या, तळवड्यातल्या छोट्या वर्कशॉपवाल्याची गत फार निराळी नाही. दोन सीएनसी मशिनं, सहा-आठ माणसं, मोठ्या कंपनीचं जॉबवर्क. माल गेला, बिल गेलं, पैसे नव्वद दिवसांनी. 2006च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे ते फार तर 45 दिवसांत यायला हवेत आणि उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजासह. ते व्याज ज्याला मागायचं असेल त्याने पुढची ऑर्डर विसरावी, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. मग माणसांचे पगार करायला हा गृहस्थ स्वतःचं कार्ड घासतो, महिनाअखेर फक्त ‘मिनिमम ड्यू’ भरतो आणि उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढत राहतं. लिमिट काठोकाठ वापरलेलं दिसलं की आकडा घसरतो. त्याच्या पॅनवर सगळं नोंदलं जातं. ज्याच्या उशिरामुळे हे झालं त्याच्या नावापुढे काहीच नाही, कारण या अहवालांत बँका आणि फायनान्स कंपन्यांची देणी येतात, पुरवठादाराची थकबाकी येत नाही. खालच्याने उशीर केला तर तो डाग, वरच्याने केला तर ती ‘पेमेंट टर्म्स’.

म्हणून आकड्यालाच शिव्या घालाव्यात, असं मला वाटत नाही. जुना सावकार कुणाचा कोण, जात कुठली, जामीन कोण राहतो हे विचारून पैसे काढायचा. परगावाहून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या पोराला हा आकडा निदान ते तरी विचारत नाही. पुणे जिल्ह्यातल्याच सुप्यात 12 मे 1875 रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्या खतांत काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. आजचा अहवाल वाचता येतो. असे अहवाल बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो पूर्ण आणि फुकट मिळतो, आपला आपण पाहिल्याने आकडा कमी होत नाही. चूक असेल तर तक्रार करावी. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. कार्डाचा अर्ज फेटाळला तर नेमकं कारण लेखी द्यावं लागतं. ते न मागताच लोक चिडून लगेच आणखी तीन बँकांत अर्ज टाकतात. अहवालात ती घाईही नोंदली जाते.

चाकणहून देहू लांब नाही. तुकोबांच्या घरात महाजनकी होती. 1630च्या दुष्काळात व्यवहार बुडाला, घरातली माणसं गेली. पुढे त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, पण धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची अर्धी आधी बाजूला काढली, असं परंपरा सांगते. कीर्तनात बुडवण्याचा प्रसंग रंगतो; मला वाटणीचा तपशील जास्त मोलाचा वाटतो. दुसऱ्याच्या हक्काचं सोडून देण्यात कसलं औदार्य? त्यांनी स्वतःचं तेवढं सोडलं. आणि देणेकरी का थकले हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, त्याच दुष्काळात तेही बुडाले होते. बँकेकडचा पैसा ठेवीदारांचा, म्हणजे कान्होबाचा वाटा. तिने खतं बुडवावीत असं म्हणता येणार नाही. पण कंपनीचा पर्चेस विभाग, एचआर, ठेकेदार यांच्या हातात जे आहे ते त्यांच्या स्वतःच्या वाट्याचं आहे. बिल कधी सोडायचं, ब्रेक द्यायचा की नाही, पगार कुठल्या तारखेला करायचा, हे कुठलाही आकडा ठरवत नाही.

पगाराच्या तारखेचंच घ्या. पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत वेतन द्यायचं, हा नियम 1936च्या कायद्यापासूनचा. या पट्ट्यात कंत्राटी पगार अनेकांना दहाला मिळतो, बाराला मिळतो, कधी ‘कंपनीकडून बिल पास झालं की’ मिळतो, आणि हप्ता असतो पाचला. क्रेडिट कार्डाची बिलाची तारीख एकदा तरी बदलून मागता येते, ती मुलांनी जरूर मागावी. मोटरसायकलच्या हप्त्याचं तसं सहजी होत नाही. एखाद्या ठेकेदाराने चार तारखेला पगार करायचं ठरवलं तर त्याच्या रोलवरच्या कितीतरी मुलांची ती 36 महिन्यांची पट्टी स्वच्छ राहील. त्या अहवालात त्याचं नाव मात्र कुठेच येणार नाही.