धक्क्यावर नाव कुणाचं?

कोयनेला जरा मोठा धक्का बसला की पुण्यात त्याची वर्दी आधी स्वयंपाकघरात पोहोचते. फडताळातल्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणतात. जुन्या वाड्यातली बंगई कुणी बसलेलं नसताना झुलू लागते आणि नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावरचा बंद पंखा झोके घेतो. "पलंग तुम्ही हलवलात का?" "मी कशाला हलवू?" एवढं बोलणं होईपर्यंत सगळं शांत झालेलं असतं. मग फोन सुरू होतात. विचारणं एकच असतं: "जाणवला का?" ज्याला जाणवला तो त्या दिवसापुरता मोठा माणूस होतो. जो झोपून राहिला, त्याची घरात दोन दिवस थट्टा चालते.

पुण्यातून सातारा-कराडकडे उतरून पाटणच्या खोऱ्यात शिरलं की ही थट्टा रोजच्या जगण्यात मुरलेली दिसते. इथे धक्का येण्याआधी जमिनीतून गुरगुर ऐकू येते, घाटात अवजड ट्रक चढत असावा तशी. नवा पाहुणा उठून दाराकडे धावतो आणि घरचं माणूस भाकरी थापता थापता म्हणतं, "बसा हो, आला तसा जाईल." धक्का ओसरला की अंगणात अंदाज सुरू होतात. कुणी अडीच म्हणतो, कुणी तीनच्या वर जात नाही म्हणून पैज लावतो. रात्री बातम्यांत आकडा येतो तेव्हा ज्याचा अंदाज बरोबर ठरला त्याची कॉलर ताठ होते. 1962-63 पासून या परिसरात लहान-मोठे एक लाखाहून जास्त धक्के बसले आहेत. तीन पिढ्या त्यावरच वाढल्या.

या हसण्याच्या मागे 11 डिसेंबर 1967 चा सोमवार आहे. पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगर हादरलं. तीव्रता सहाच्या वर होती. सुमारे 180 माणसं गेली, घरं जमीनदोस्त झाली आणि 103 मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीलाही तडे गेले. ज्यांच्या घरातलं कुणी त्या पहाटे दगडाखाली गेलं, त्यांचीच मुलं-नातवंडं आज अंगणात आकड्याच्या पैजा लावतात. हे हसू निबरपणाचं आहे का, की त्यात काही समज आहे? धर्माचा अभ्यास करणाऱ्याने या प्रश्नाकडे नीट पाहायला हवं, कारण भूकंपाने माणसाच्या श्रद्धेला जेवढं खडसावून विचारलं आहे तेवढं फार थोड्या गोष्टींनी विचारलं असेल.

भूकंप का होतो याचं आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं उत्तर शेषाचं. पृथ्वी त्याच्या मस्तकावर आहे, त्याने मान हलवली की धरणी कापते. पण जुन्या ग्रंथांत एवढं एकच उत्तर नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त भूकंपावर एक अख्खा अध्याय लिहिला आणि सुरुवातीलाच पूर्वसूरींची मतं शेजारी शेजारी मांडून ठेवली. कुणी म्हणतो, पाण्यात राहणाऱ्या प्रचंड प्राण्यांमुळे होतो. कुणी म्हणतो, भाराने थकलेले दिग्गज, म्हणजे दिशांचे हत्ती, सुस्कारा टाकतात. कुणाच्या मते वाऱ्यावर वारा आदळतो, तर कुणाच्या मते हे लोकांच्या अदृष्टाचं, म्हणजे कर्माचं फळ. कर्माचं फळ हे तिथे अनेकांतलं एक मत आहे. पुढच्या काळात मात्र तेच सर्वांत मोठ्या आवाजात बोललं गेलं, कारण त्यात दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय आहे.

त्या बोटाची सर्वांत गाजलेली हकिकत 1934 ची. 15 जानेवारीला बिहार उद्ध्वस्त झाला. गांधीजी तेव्हा अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने केलेली शिक्षा आहे, असं त्यांनी जाहीर सांगितलं. हेतू निर्मळ होता. तरीही रवींद्रनाथ ठाकुरांना ते सहन झालं नाही. निसर्गातल्या घटनेला निसर्गातलीच कारणं असतात, असं त्यांनी लिहिलं आणि एक धोका दाखवला: हाच युक्तिवाद उलटा फिरवून सनातनी लोक भूकंपाचं खापर गांधीजींवरच फोडू शकतील. गांधीजींनी हा विरोध स्वतःच्या 'हरिजन' पत्रात छापला आणि आपलं मतही सोडलं नाही. त्याच दौऱ्यात 25 जून 1934 ला ते पुण्यात आले, तेव्हा त्यांची समजून एका मोटारीवर बाँब टाकला गेला. देवाच्या शिक्षेची भाषा एकदा चालू झाली की शिक्षा बजावणारी माणसंही निघतात, हे पुण्याने रस्त्यावर पाहिलेलं आहे.

या वादात गांधीजी चुकले, असं स्पष्ट म्हटलं पाहिजे. बिहारच्या ढिगाऱ्याखाली ज्यांनी अस्पृश्यता पाळली ते होते, ज्यांना ती सोसावी लागली तेही होते आणि पाळण्यातलं मूलही होतं. पाप शोधणाऱ्या देवाला एवढंही निवडता येत नसेल, तर तो देव म्हणून लहान पडतो.

पण म्हणून धर्मपरंपरेकडे दुसरं काही सांगण्यासारखं नाही, असं मुळीच नाही. आणि ते ऐकायला पाटण तालुक्यातच, कोयनेच्या पट्ट्यातल्या चाफळला जावं लागतं. समर्थ रामदासांनी तिथे रामाचं मंदिर उभं केलं. 'दासबोधा'च्या तिसऱ्या दशकात त्यांनी माणसाच्या तीन तापांची फोड केली आहे. आध्यात्मिक ताप म्हणजे आपल्याच देहाच्या आणि मनाच्या व्याधी. आधिभौतिक म्हणजे इतर भूतांच्या संयोगाने, बाहेरच्या प्राण्यांनी आणि वस्तूंनी दिलेलं दुःख. काट्यापासून सापा-विंचवापर्यंत सगळं त्यात येतं. आणि आधिदैविक? वाचकाला वाटेल, दैवी संकटं यात असणार. समर्थ इथे वेगळं सांगतात. बऱ्यावाईट कर्माचं देह सुटल्यावर जे भोगावं लागतं, ती यमयातना, तो आधिदैविक ताप.

ही मांडणी बारकाईने पाहिली तर भूकंपापुरता निकालच लागतो. पापाचा हिशेब समर्थांनी मरणापलीकडे नेऊन ठेवला. अंगावर पडलेली भिंत त्या हिशेबाच्या वहीत बसत नाही. ती बसते आधिभौतिकात, विंचवाच्या शेजारी. विंचू चावला तर कुणी गावाचं पाप शोधत नाही. विष उतरवतात आणि दुसऱ्या दिवशी चपलेत पाय घालण्याआधी ती झटकतात.

पाटण खोऱ्यातलं हसू याच समजुतीतून येतं. ज्याला वाटतं की आपल्याला शिक्षा होते आहे, तो शिक्षा चालू असताना हसू शकत नाही. तो कान धरतो, नाहीतर शेजाऱ्याचे कान धरायला निघतो. धक्क्यावर आपलं नाव लिहिलेलं नाही हे ज्याला आतून पटलं आहे, तोच त्याच्या आकड्यावर पैज लावू शकतो. त्या पैजेमुळे श्रद्धाही कमी होत नाही. तीच माणसं दर शनिवारी मारुतीला तेल वाहतात.

चाफळची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. 1967 च्या भूकंपात रामाच्या मंदिराची हानी झाली. आज दिसतं ते रूप मफतलाल घराण्याने केलेल्या जीर्णोद्धारानंतरचं. रामासमोर हात जोडून उभ्या असलेल्या दासमारुतीच्या लहानशा मंदिराला मात्र तडाही गेला नाही, असं तिथे येणाऱ्याला कौतुकाने सांगितलं जातं. यातून मारुती रामापेक्षा मोठा असा अर्थ एकही भाविक काढत नाही. दास धन्याच्या पुढे उभा राहिला, असं म्हणून तो हसतो आणि नमस्कार करतो. इंजिनिअर सांगेल की उंच, जड बांधकाम आणि लहान, बैठं बांधकाम एकाच धक्क्याला वेगवेगळं हलतं. दोन्ही उत्तरं त्या प्राकारात सुखाने शेजारी राहतात.

भूकंपावरचं असंच हसू जपानमध्येही उमटलं होतं. तिथल्या लोकसमजुतीत जमिनीखाली एक प्रचंड मासा असतो आणि काशिमाचा देव त्याला शिळेखाली दाबून धरतो. 1855 मध्ये एदो शहर, म्हणजे आजचं टोकियो, कोसळलं. तो वर्षाचा दहावा महिना होता आणि त्या महिन्यात सगळे देव इझुमोला जमतात, म्हणजे काशिमाचा देवही जागेवर नसतो, अशी समजूत आहे. काही आठवड्यांत बाजारात शेकडो रंगीत चित्रं आली. कुठे देव घाईघाईने परत निघालेला, कुठे लोक माशाला बडवत आहेत, आणि कुठे सुतार आणि छप्पर शाकारणारे त्याच माशाचा सत्कार करताहेत, कारण त्यांना आता भरपूर काम मिळणार होतं. हजारो प्रेतं उचललेल्या शहराने हे काढलं आणि विकत घेतलं.

मात्र हसण्याला एक मर्यादा आहे आणि ती मराठी माणसाला किल्लारीने दाखवली. लातूर जिल्ह्यातल्या या गावाला 1992 पासूनच हादरे बसत होते. लोक आधी धास्तावले, बाहेर झोपले, मग हळूहळू सवय झाली आणि पुन्हा घरात गेले. सरकारी नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी. त्या दिवशी ज्या घरांत अनंताचं व्रत असतं तिथे दर्भाचा सात फण्यांचा शेष करून कलशावर ठेवतात, चौदा गाठींचा दोरा पूजतात. अनंत हे शेषाचंच नाव. संध्याकाळी गणपती बोळवले, रात्री उशिरा थकून लोक आडवे झाले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली.

पृथ्वी धरणाऱ्याची पूजा झाली आणि काही तासांत पृथ्वी हलली. हे कसं, या प्रश्नापुढे कुठलाही विनोद टिकत नाही, टिकूही नये. पण शिक्षेचं उत्तरही टिकत नाही. माणसं कशाने गेली ते ढिगाऱ्यात उघड दिसत होतं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर लाकडी सरांच्या आधाराने तोललेलं मातीचं माळवद. मराठवाड्याच्या उन्हात हे घर गारवा देतं. दरवर्षी गळती थांबवायला वर आणखी माती पडते आणि वजन वाढत जातं. सहाच्या वरचा धक्का बसला तेव्हा दगड निसटले आणि पिढ्यांची माती झोपलेल्यांवर आली. समर्थांच्या शब्दांत, भूतांचा संयोग.

त्या संयोगात माणूसही धरला पाहिजे. कोयनेचे धक्के धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यावर वाढले. आधीच ताणात असलेल्या खडकांच्या भेगांवर पाण्याचा भार आला, पाणी खोल मुरलं आणि त्या भेगा सरकायला निमित्त मिळालं. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं कोयना हे जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण आहे. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने सुरुवातीपासून त्यावर काम केलं. कोयना धरणाच्या विजेवर महाराष्ट्रातली शहरं आणि कारखाने वाढले. धरणासाठी उठलेल्या कुटुंबांना मात्र पुनर्वसनासाठी अर्धशतक उलटल्यावरही मोर्चे काढावे लागले. पाटणचा माणूस हसून धक्का सोसतो, याचा अर्थ शहराने त्याचं देणं विसरावं असा होत नाही.

पुण्याने एक देणं मात्र मनापासून फेडलं. किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1,200 मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली. ज्ञानप्रबोधिनीची माणसं मदतीला म्हणून गेली आणि त्याच भागातल्या हराळीला शाळा उभारून तिथेच राहिली. भूकंप का झाला याचं उत्तर या लोकांनी पोथीत शोधलं नाही. शिक्षा झालेल्यांच्या घरी कुणी शाळा बांधायला जात नाही. दुःख झालेल्यांच्या घरी जातात.

आता पुणेकरांच्या स्वतःच्या घराकडे. शहर तिसऱ्या भूकंप विभागात येतं असं वर्षानुवर्षं नकाशे सांगत आले. 2001 मध्ये कच्छच्या भूकंपाने केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती पाडल्या. त्यांतल्या कितीतरी इमारती खाली मोकळं पार्किंग आणि वर फ्लॅट अशा होत्या. नुसत्या खांबांवर उभा असलेला तळमजला आधी बसला. तशा इमारती कोथरूड, सहकारनगर, कर्वेनगरात गल्लोगल्ली आहेत. अनेक ठिकाणी त्या खांबांना ओल लागून गज उघडे पडले आहेत, आणि लोक रोज तिथेच स्कूटर लावून वर जातात.

तेव्हा पुढच्या धक्क्याला वाट्या किणकिणल्या तर एकमेकांना फोन जरूर करावेत, झोपलेल्याची थट्टाही करावी. आणि सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत रंगकामाच्या आधी एक विषय घ्यावा: पार्किंगचे खांब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेणे.