किल्ली आणि आकडा

कुलूप ही वस्तु जितकी लोहाराच्या विद्येची तितकीच नीतिशास्त्राची आहे, असें कोणी म्हटलें तर वाचकांस प्रथम हंसूं येईल. परंतु थोडा विचार केला असतां असें दिसून येईल कीं, मनुष्य आपल्या दारास जें कुलूप लावतो त्यावरून तो शेजाऱ्यास, नोकरास, किंबहुना स्वतःच्या मुलाबाळांस काय समजतो याची परीक्षा होते.

मावळांतील परंदवडीसारखीं गांवें या दृष्टीनें पाहण्यासारखीं आहेत. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला, आणि सोमाटण्याच्या आसपासचा मुलूख शहरांतील कुटुंबांस जवळचा झाला. माळावर बंगले उभे राहिले. मालक शनिवारीं येतो व रविवारीं सायंकाळीं परततो. मधले दिवस घर राखणदाराच्या स्वाधीन असतें. मोटार ठेवण्याच्या गॅरेजाचें दार विजेनें उघडतें. त्याच्या शेजारीं भिंतीवर आकड्यांची लहानशी पाटी, जिला व्यवहारांत कीपॅड म्हणतात, बसवावी कीं नाहीं, आणि बसविल्यास कोणत्या प्रकारची, हा प्रश्न अशा घरीं सहज निघतो. दुकानदार त्याचें उत्तर किंमतीच्या भाषेंत देतो. मला मात्र वाटतें कीं, विश्वास म्हणजे काय हें ठरविल्यावांचून याचें उत्तर देतां येणार नाहीं.

प्रथम किल्ली व आकडा यांतील भेद पाहूं. किल्ली ही वस्तु आहे. आकडा हें ज्ञान आहे. वस्तु दिली कीं ती आपल्या हातांतून जाते, आणि परत घेतली कीं दुसऱ्याच्या हातीं कांहीं उरत नाहीं. किल्लीची नक्कल करतां येते हें खरें. पण त्यासाठीं कारागिराकडे जावें लागतें, म्हणजे मनांतील पाप पायांनीं चालवावें लागतें. आकड्याचें तसें नाहीं. तो सांगितल्यानें माझ्यापाशीं कमी होत नाहीं, आणि ऐकणाऱ्यानें परत करीन म्हटलें तरी त्याला तो परत करतां येत नाहीं. विद्या चोरास नेतां येत नाहीं व दिल्यानें ती वाढते, म्हणून आपल्या सुभाषितकारांनीं तिची थोरवी गायिली. पण जें विद्येचें भूषण तेंच गुप्त आकड्याचें व्यंग होय.

यावर दुकानदार म्हणतो, "आकडा बदला, झालें!" यंत्राच्या दृष्टीनें हें उत्तर बिनतोड आहे. माणसाच्या दृष्टीनें तसें आहे काय? सासूनें सुनेच्या हातीं किल्ल्यांचा जुडगा दिला म्हणजे घराचा कारभार दिला, असें आपल्याकडे समजत. नोकरी सोडणारा कारकून किल्ल्या धन्यासमोर ठेवून जाई. देणें व घेणें दोन्ही समोरासमोर होत. फोनशीं जोडलेल्या पाटीचा आकडा मात्र मालकास पुण्यांतील आपल्या खोलींत बसून बदलतां येतो. कित्येक वर्षें झाडांस पाणी घालणारा राखणदार सोमवारीं सकाळीं येतो, रोजचा आकडा दाबतो, आणि दार उघडत नाहीं. त्याला कोणी चोर म्हटलेलें नसतें. पण तोंडानें म्हटलें असतें तर त्याला निदान उत्तर तरी देतां आलें असतें. अपमान तर व्हावा आणि अपमान करणारा कोठेंच दिसूं नये, अशी ही सोय आहे. आणि या नव्या साधनांत मला जर कशाची धास्ती वाटत असेल तर ती या सोयीची.

मग विश्वासाच्या नांवाखालीं दार सताड उघडें ठेवावें काय? अहिल्यानगर जिल्ह्यांतील शनि-शिंगणापुरास घरांना दारें व कुलुपें न लावण्याची परंपरा प्रसिद्ध आहे. २०११ सालीं युको बँकेनें तेथें काढलेली शाखा बिनकुलपाची म्हणून गाजली. तरी तिला काचेचें दार होतेंच व रोकड मजबूत पेट्यांत ठेवण्याची व्यवस्थाही होती. ही परंपरा केवळ परस्परांवरील विश्वासावर नव्हे, तर शनिदेव चोरास शासन करतो या श्रद्धेवर उभी आहे. म्हणजे कुलूप तेथेंही आहे. तें लोखंडाचें नाहीं, इतकेंच. शिवाय कुलूप केवळ मालकाचेंच रक्षण करतें असें नाहीं. उघड्या घरांतून वस्तु नाहींशी झाली कीं संशयाचें बोट प्रथम घरांतील सर्वांत गरीब माणसाकडे वळतें. 'कुंपणच शेत खातें' ही म्हण आपल्याला अशा वेळीं फार लौकर आठवते. चांगलें कुलूप हें त्याच्या अब्रूचीही राखण करतें.

पण चांगलें कुलूप कोणतें? अभेद्य असें कुलूप जगांत नाहीं. १८५१ सालच्या लंडन येथील महाप्रदर्शनाच्या वेळीं हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कारागिरानें चबचें प्रख्यात कुलूप सुमारें २५ मिनिटांत उघडलें आणि ब्रामाचें कुलूप १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडलें. आकड्यांचेंही असेंच आहे. चार आकडी संख्येच्या १०,००० शक्यता होतात, आणि त्या ऐकावयास पुष्कळ वाटतात. पण त्याच चार कळा वर्षानुवर्षें दाबून झिजल्या म्हणजे आकडे कोणते हें पाहणाऱ्यास कळतें, आणि त्यांच्या मांडणीचे प्रकार उरतात अवघे २४. मुलाचें जन्मसाल घातलें तर तेवढेही उरत नाहींत. म्हणून आकडे सहा असावेत, ते मधून मधून बदलावेत, आणि कांहीं चुका झाल्यावर पाटी थोडा वेळ थांबणारी असावी. दुरून दार उघडणारा रिमोट दर वेळीं तोच संकेत पाठविणारा नसावा. सॅमी कामकर यानें २०१५ सालीं मुलांच्या एका खेळण्यांत फेरफार करून असें स्थिर संकेताचें दार दहा सेकंदांच्या आंत उघडतां येतें हें दाखविलें. दर खेपेस संकेत बदलणारा रिमोट मिळतो, तोच घ्यावा.

कांहीं पाट्या प्रत्येक माणसास निराळा आकडा देतात आणि कोण केव्हां आलें याची नोंद ठेवतात. ही नोंद म्हणजे पाळत कीं पुरावा? माझ्या मतें तें तिच्या उघडपणावर अवलंबून आहे. जिच्याविषयीं राखणदारास ठाऊक आहे, जींत घरच्या मुलाचें नांवही त्याच्या नांवाशेजारीं येतें, आणि प्रसंगीं जी त्याला स्वतःच्या निर्दोषत्वासाठीं दाखवितां येते, ती नोंद न्यायाची होय. जी त्याला न सांगतां ठेवली ती पाळत होय. बोटाच्या ठशानें उघडणाऱ्या पाटीविषयींही विचार केला पाहिजे. मातींत व सिमेंटांत राबणाऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजतात, आणि यंत्रास त्या पुष्कळदां ओळखतां येत नाहींत. लेखणी धरणारें बोट यंत्र ओळखणार, आणि ज्यानें भिंत बांधली त्याचें बोट नाकारणार! असा दारवान निदान एकटा नेमूं नये.

शेवटची गोष्ट अडचणीच्या वेळेची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडास एकच दरवाजा असणें हा मोठा दोष मानला असून, दुसरे दरवाजे व चोरदिंड्या ठेवाव्या असें सांगितलें आहे. लोहगड-तिकोन्याच्या मुलखांत राहणाऱ्यांनीं हा धडा विसरूं नये. पावसाळ्यांत वीज गेली कीं आकडा बरोबर असूनही दार उघडत नाहीं. कॅलिफोर्नियांत २०१७ सालच्या वणव्यांत वीज गेली आणि कित्येकांस स्वतःच्याच गॅरेजाचें दार उघडतां येईना. त्यानंतर तेथें कायदा होऊन १ जुलै २०१९ पासून अशा नव्या यंत्रांस बॅटरी असणें सक्तीचें झालें. हातानें दार सोडविण्याची दोरी आंतून असावी, ती कोठें आहे हें घरांतील म्हाताऱ्यांस व मुलांसही माहीत असावें, आणि ज्या गॅरेजास दुसरें दार नाहीं त्यास बाहेरूनही किल्लीची सोय असावी. चोर बाहेर ठेवण्यापेक्षां आपलें माणूस आंत अडकूं न देणें हें दाराचें पहिलें कर्तव्य होय.

मुंबईस १८९७ सालीं अर्देशिर गोदरेज यांनीं कुलुपांचा कारखाना काढला. त्यापूर्वीं ते वकील होते, आणि झांझिबार येथील एका खटल्यांत सत्यास मुरड घालण्याची वेळ आली तेव्हां त्यांनीं ती वकिली सोडली, अशी हकीकत सांगतात. कुलूप करणाऱ्यानें सत्यास जपलें. तें लावणाऱ्यानेंही जपावयास हवें. पाटी जरूर बसवावी; पण आकडा ज्याला तोंडानें सांगितला, त्याच्याकडून तो काढून घेतांनाही त्याला समोर बोलावून, कारण सांगून, तोंडानेंच काढून घ्यावा. एवढें धैर्य ज्याच्या अंगीं नसेल त्यानें आपली जुनी किल्लीच बरी म्हणावी. ती परत मागतांना तरी समोरच्या माणसाकडे पाहावें लागतें.