पळस आणि कुरणशाळा

मुलाने शाळेसाठी बदलावे की शाळेने मुलासाठी? प्रश्न दिसतो मास्तरांचा; पण त्यात आपल्या ज्ञानाभिमानाचीच परीक्षा आहे.

माघात विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या दर्शनास गेलो होतो. वाटेत एक निष्पर्ण, वेडेवाकडे झाड दिसले. मी म्हटले, "मेलं बिचारं!" तिथला गुराखी पोर हसला. "मेला नाय बाबा, पलस हाय." त्याने सालीवरचा लालभडक डिंक दाखवला, फांदीवरच्या काळपट कळ्या दाखवल्या. मी ओशाळलो. विद्याहीन माणूस म्हणजे निर्गंध किंशुक, हा दृष्टांत चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो. आणि तो किंशुक समोर उभा असता मलाच ओळखता आला नाही!

याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी हा प्रश्न कृतीने सोडवला. 1945 साली बोर्डीस त्यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले; पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले गुरे राखीत, ती शाळेत कशी येणार? तेव्हा शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. तीच कुरणशाळा. खडे, बिया, पाने हेच तिथले साहित्य. मूल येत नाही म्हणून त्याला दोष देणे सोपे. आपण उठून त्याच्याकडे जाणे कठीण.

कोणी म्हणेल, "पोराला रानातले सारे येतेच, मग शाळा कशाला?" शंका रास्त आहे. पण पळसाची पाने गळतात हे ठाऊक असणे वेगळे आणि ती का गळतात हे उमगणे वेगळे. पानांवाटे पाणी उडून जाते. कोरड्या दिवसांत ते वाचावे म्हणून झाड पाने टाकते. हे 'का' विचारायला शिकवणारा गुरू लागतोच. शिवाय अक्षर येत नसेल, तर कागदावर अंगठा घेणारा त्याला फसवील, त्याचे काय?

भागवताच्या एकादश स्कंधातल्या अवधूताने पृथ्वी, वारा, कपोत, मधमाशी असे चोवीस गुरू केले. पण नुसते पाहून तो थांबला नाही. प्रत्येकापासून काय घ्यायचे, काय टाकायचे, हे त्याने विवेकाने ठरवले. पाहणे रानाचे, विवेक गुरूचा. दोन्ही मिळून विद्या होते.

आणि जुळवून घेणे म्हणजे शरण जाणे नव्हे. पळस पाने टाकतो, मूळ सोडत नाही. मुलानेही नवे शिकावे, पण त्यापायी आपल्या बोलीची, आपल्या रानाची लाज धरू नये. ती लाज आपणच त्याला शिकवतो. आधी ती आपण टाकावी.

तो दृष्टांत मी अजून सांगतो. मात्र आता आधी त्या पोराची गोष्ट सांगतो, मगच किंशुकाची.