गर्भांतील लेंकराची परीक्षा

नंदुरबारकडील एका खेड्यांतून एक जोडपें आम्हांस भेटावयास आलें. त्यांचा पहिला मुलगा सिकलसेलच्या व्याधीनें पीडित आहे; हातपाय दुखूं लागले म्हणजे तो रात्ररात्र विव्हळतो. आतां बाईला पुन्हां दिवस गेले आहेत. "पोटांतल्या लेंकराची परीक्षा करावी काय?" असें तिनें विचारलें. नवरा खालीं पाहत होता.

आमच्या मंडळ्यांत कित्येकांस वाटतें कीं, अशी परीक्षा म्हणजे देवाच्या कामांत हात घालणें होय. आम्हांस तसें वाटत नाहीं. गरोदर बाईचा रक्तक्षय किंवा वाढलेला रक्तदाब वेळींच कळल्यास दोन जीव वांचतात. ह्यांत पाप कोठलें? उलटपक्षीं, मुलगी आहे असें ओळखून गर्भ पाडण्याकडेही ह्याच विद्येचा उपयोग झाला. त्याविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ सालीं व सर्व देशानें १९९४ सालीं कायदा केला. तरी २०११ च्या शिरगणतींत बीड जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागें मुली अवघ्या ८०७ भरल्या. ख्रिस्ती घरें ह्यांतून अगदीं निर्मळ राहिलीं, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.

परंतु ह्या जोडप्याचा प्रश्न निराळा होता. आईबाप दोघेही ह्या व्याधीचे वाहक असल्यास दर खेपेस चारांत एक लेंकरूं पीडित निपजण्याचा संभव असतो. पहिलें आजारी झालें म्हणून दुसरें सुटतें, असा हिशेब नाहीं. परीक्षेसाठीं गर्भाभोंवतालचें पाणी सुईनें काढितां येतें, त्यांत क्वचित् गर्भ पडण्याचें भय असतें. व्याधी आढळली तर पुढें वाटा दोनच : लेंकरूं ठेवणें, किंवा कायद्याच्या मर्यादेंत गर्भ पाडणें. तेव्हां आम्ही म्हणालों, "बाई, लेंकरूं ठेवावयाचेंच असेल तर ती सुई कां सोसावी? जन्मल्यावर रक्त तपासूनही औषधपाणी वेळेवर सुरूं होतें."

बाई म्हणाली, "पाळकसाहेब, ठेवीनच असें मी कोठें म्हटलें? रात्रीं त्याचे पाय मी चोळतें."

आम्ही निरुत्तर झालों. न जन्मलेल्या जिवाचें मोल जन्मलेल्याहून उणें नाहीं, हें आमचें मत आजही आहे. तथापि त्या घरांत आम्ही एकही रात्र जागलों नव्हतों, हेंही खरें. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांत जाऊन सल्ला घ्यावयाचें दोघांनीं ठरविलें आहे. तीं परत येईपर्यंत मुलाजवळ बसावयाचें मंडळींतील दोन बायांनीं पत्करिलें आहे.