उषस्तीने नाकारलेले पाणी

भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस 10500’ या पिण्याच्या पाण्याविषयीच्या मानकात बहुतेक घटकांसमोर दोन रकाने आहेत. पहिल्यात त्या घटकाची स्वीकारार्ह मर्यादा दिलेली असते, आणि दुसऱ्यात, पाण्याचा दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर चालवून घेता येईल अशी अनुज्ञेय मर्यादा. फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 1.0 मिलिग्रॅम, म्हणजे ढोबळमानाने दहा लाख भाग पाण्यात एक भाग, इतकी असून अनुज्ञेय मर्यादा 1.5 आहे, विरघळलेल्या एकूण क्षारांच्या बाबतीत हेच आकडे 500 आणि 2000 असे आहेत. याउलट आर्सेनिक, शिसे आणि नायट्रेट यांच्यापुढे दुसऱ्या रकान्यात सवलत नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि विष्ठेतून येणारा ई. कोलाय हा जीवाणू तर 100 मिलिलिटरच्या कोणत्याही नमुन्यात आढळताच कामा नये. कोष्टक रसायनशास्त्राचे असले तरी त्यातील दुसरा रकाना मात्र रसायनशास्त्रातून निघत नाही, कारण तेथे पाणी तेच राहते आणि पिणाऱ्याची परिस्थिती बदलल्यामुळे निर्णय बदलतो. परिस्थितीमुळे नियम सैल होण्याच्या या तत्त्वाला भारतीय परंपरेत आपद्धर्म असे नाव आहे, आणि महाभारताच्या शांतिपर्वात त्यावर एक स्वतंत्र उपपर्वच आहे. प्रश्न असा, की आधुनिक मानकाने आपद्धर्मातली सवलत उचलताना तिच्या अटीही उचलल्या आहेत काय.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी शुद्धतेच्या जुन्या कल्पनेचा हिशेब करणे भाग आहे. द्रव्यशुद्धी, म्हणजे वस्तू कशाने विटाळतात आणि कशाने पुन्हा शुद्ध होतात याचा विचार, मनुस्मृतीसह अनेक स्मृतींनी केला आहे. जमिनीवर साचलेले, गाईची तहान भागेल इतके, ज्यात अपवित्र वस्तू मिसळलेली नाही आणि ज्याचा गंध, वर्ण व रस स्वाभाविक आहे असे पाणी मनूने शुद्ध मानले. प्रयोगशाळा नसलेल्या काळात हा नियम अगदीच अडाणी म्हणता येणार नाही. पाण्याचा साठा मोठा असला की घाण विरळ होते, आणि नाक, डोळे व जीभ यांनी बराच धोका ओळखता येतो, एवढे व्यावहारिक शहाणपण त्यात आहे. मात्र अपवित्र काय याची यादी करताना या परंपरेने वस्तूंबरोबर माणसेही त्या यादीत घातली. त्याचा परिणाम महाडला दिसला. मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत केला, त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी त्या तळ्याचे पाणी प्यायले तेव्हा त्यांच्या लोकांवर हल्ला झाला. पुढे सनातनी मंडळींनी शेण, गोमूत्र, दही व दूध यांनी भरलेल्या 108 घागरी मंत्रोच्चारात त्या तळ्यात बुडवून ते ‘शुद्ध’ करून घेतले. ज्या तळ्यात माणसाच्या ओंजळीने काहीही बिघडले नव्हते त्यात शेण कालवणे हा शुद्धिविधी ठरला, याहून त्या कल्पनेची दिवाळखोरी दाखवणारा पुरावा शोधावा लागत नाही. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात पक्का व्हायला 1937 साल उजाडले.

मोजमापावर आधारलेली शुद्धता या इतिहासाच्या तुलनेत निःसंशय नैतिक प्रगती आहे. पाण्यात काय आहे एवढेच ती विचारते, कोणाचा हात लागला हे विचारत नाही. आणि आर्सेनिक, नायट्रेट, फ्लोराइड यांना पाण्यात आढळणाऱ्या प्रमाणात रंग, वास वा चव नसल्यामुळे जेथे मनूची तिन्ही इंद्रिये थकतात तेथेच तिचे काम सुरू होते. परंतु आकड्याला निसर्गनियमाचे रूप येते, आणि मर्यादेच्या अलीकडे शुद्ध, पलीकडे अशुद्ध असा सोवळ्याचाच एक नवा प्रकार रूढ होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1993 मध्ये आर्सेनिकचे मार्गदर्शक मूल्य लिटरला 0.05 मिलिग्रॅमवरून 0.01 वर आणले. बांगलादेशाने स्वतःचे मानक 0.05 वरच ठेवले, कारण ते खाली आणले असते तर आधीच प्रचंड असलेली दूषित कूपनलिकांची संख्या कितीतरी वाढली असती. त्या देशात चाचणीनंतर सुरक्षित कूपनलिकेला हिरवा आणि असुरक्षित कूपनलिकेला लाल रंग दिला गेला. त्यामुळे 0.03 आर्सेनिक असलेली नलिका तेथे हिरवी असते, आणि तेच पाणी भारतीय मानकानुसार पिण्यास अयोग्य ठरते. सीमेच्या दोन्ही बाजूंना शरीर सारखेच आहे; वेगळा आहे तो निर्णय, आणि ज्याच्या मागे निर्णय आहे त्याचे उत्तरदायित्वही कोणावर तरी असतेच.

महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड हे जिल्हे फ्लोराइडसाठी ओळखले जातात. तेथील फ्लोराइड कोणा कारखान्याने सोडलेले नाही. कठीण खडकांतील खनिजांतून ते भूजलात उतरते, आणि पाणी जितका दीर्घकाळ खडकात मुरलेले, जितके सोडियम-बायकार्बोनेटयुक्त व कॅल्शियम कमी असलेले, तितके त्याचे प्रमाण वाढते. ते माणसाच्या पोटात मोठ्या प्रमाणावर जाण्याचे कारण मात्र सद्हेतू आहे. उघड्या विहिरी व तळी यांतून कॉलरा, हगवण, नारू पसरतो म्हणून, आणि 1972 च्या दुष्काळाने विहिरी कोरड्या पाडल्या म्हणून, गावोगावी खोल विंधनविहिरी घेतल्या गेल्या व त्यांवर हापसे बसले. जालना आणि सोलापूर येथे मिशनरी संस्थांच्या आश्रयाने घडलेल्या मजबूत पंपांतूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा जगभर गेलेला हातपंप विकसित झाला. जंतूंपासून या पाण्याने असंख्य बालके वाचवली, यात शंका नाही. त्याच पाण्याने काही गावांत दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटवले, आणि वर्षानुवर्षे ते पिणाऱ्यांचे सांधे व कणा ताठर केले. या विकाराला फ्लोरोसिस म्हणतात. जंतू मूल आठवड्यात नेतो आणि फ्लोराइड वीस वर्षांनी कंबर वाकवते, तेव्हा पहिल्याला प्राधान्य देणाऱ्याला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. दोष असेल तर तो पुढच्या टप्प्यावर शोधला पाहिजे: तातडी ओसरल्यावर त्या सवलतीचे काय झाले?

छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात उषस्ती चाक्रायणाची जी कथा आहे ती नेमकी येथे उपयोगी पडते. कुरुदेशातील पिके उद्ध्वस्त झाली असता उषस्ती आपल्या पत्नीसह हत्ती बाळगणाऱ्या एका माणसाच्या गावात दैन्यावस्थेत राहत होता. तो माणूस कुळीथ किंवा तत्सम हलके कडधान्य खात बसला होता. उषस्तीने भीक मागितली, त्याने समोरचे उष्टे धान्यच काय ते शिल्लक असल्याचे सांगितले, आणि उषस्तीने ते घेतले. मग त्याने पाणीही देऊ केले, तेव्हा मात्र उषस्तीने ते उष्टे म्हणून नाकारले. धान्य उष्टे नव्हते काय, या साहजिक प्रश्नावर त्याचे उत्तर असे, की ते खाल्ले नसते तर जगणे शक्य नव्हते, पाणी मात्र आपल्याला हवे तेव्हा मिळू शकते. उरलेले धान्य त्याने पत्नीसाठी नेले, तिने ते राखून ठेवले, आणि दुसऱ्या सकाळी तेच शिळे-उष्टे खाऊन तो राजाच्या यज्ञाकडे निघाला, कारण तेथे धन मिळून ही अवस्था संपण्याची आशा होती. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात या कथेचा आधार घेऊन असे ठरवले आहे, की कोणतेही अन्न खाण्याची अनुमती केवळ प्राणसंकटात आहे, एरवी नाही.

ही कथा सवलतीची म्हणून ओळखली जाते, पण तिचा कणा सवलतीच्या सीमेत आहे. एकाच ताटात, एकाच दात्याकडून आलेल्या दोन वस्तूंपैकी एकीला सवलत लागू आणि दुसरीला नाही, आणि हा भेद वस्तूच्या शुद्धतेवर नव्हे तर पर्याय खरोखर आहे की नाही यावर केलेला. शिवाय पर्याय आहे की नाही हे उषस्तीने स्वतः ठरवले. ज्याच्या घशाखाली ते उतरणार होते त्यानेच. आणि सवलत घेऊन तो तेथेच बसून राहिला नाही, तर तिच्या बळावर सवलतीची गरज संपवण्यासाठी निघाला. मानकाच्या दुसऱ्या रकान्यात यांपैकी पहिली अट शब्दशः आहे, उरलेल्या दोन नाहीत. पर्यायी स्रोत नाही हे कोण ठरवतो, कशाच्या आधारे ठरवतो आणि किती वर्षांसाठी ठरवतो, याविषयी कोष्टक मौन पाळते. आता मानक हा तांत्रिक दस्तऐवज असतो आणि त्याच्याकडून धर्मचर्चेची अपेक्षा करू नये, असे कोणी म्हणेल, आणि ते योग्यच आहे. पण मग तो दस्तऐवज वापरणाऱ्या प्रशासनाने तरी ती चर्चा करायला हवी.

पर्याय नसणे ही बऱ्याचदा निसर्गाने घातलेली अट नसते, हे फ्लोराइडच्या बाबतीत विशेष स्पष्ट आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची स्वस्त पद्धत काही दशकांपूर्वीच विकसित केली, आजच्या तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्याच्या नावाने ती ओळखली जाते. सक्रिय ॲल्युमिनाची गाळणीही हे काम करते, आणि धरणाचे भूपृष्ठीय पाणी नळाने आणता येते. या सर्व उपायांना रोज लक्ष देणारा माणूस, नियमित रसायने आणि चिखल टाकण्याची जागा लागते, आणि यातले एक जरी तुटले की यंत्रणा बंद पडून गाव पुन्हा हापशावर येते. अशा वेळी पर्याय नाही हे विधान भूगर्भाचे वर्णन राहत नाही, तर तो उपाय चालू न ठेवण्याचा निर्णय होतो. उषस्तीच्या पाण्याप्रमाणे ते पाणी मिळण्यासारखे असते. ते आणण्याचे टळलेले असते.

येथे आणखी एक अडचण आहे, आणि ती आकड्याच्या पोटात आहे. पाण्यातील रसायनांची मार्गदर्शक मूल्ये काढताना जागतिक आरोग्य संघटना सामान्यतः 60 किलो वजनाचा, दिवसाला दोन लिटर पाणी पिणारा प्रौढ गृहीत धरते, आणि फ्लोराइडच्या बाबतीत स्थानिक हवामान व पाण्याचा खप पाहून मर्यादा ठरवावी असे तीच संघटना बजावते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या मजुराला चार लिटरही पुरत नाहीत. 1.5 मिलिग्रॅमच्या अनुज्ञेय पाण्याचे चार लिटर म्हणजे सहा मिलिग्रॅम फ्लोराइड, चहा आणि अन्न वेगळे. आणि दिवसाला साधारण सहा मिलिग्रॅमच्या पुढे हाडांवरील परिणामांचा धोका वाढत असल्याचे संकेत, चौदाला तर स्पष्ट पुरावा, असे त्या संघटनेचे प्रतिपादन आहे. म्हणजे मर्यादा पाळूनही मर्यादा ओलांडली जाते, आणि ती ओलांडणारे शरीर कोणाचे असेल हे उन्हात कोण उभा आहे यावर ठरते. ज्या घरी शुद्धीकरण यंत्र आहे किंवा जारचे पाणी येते तेथे दुसरा रकाना मुळात पोहोचतच नाही. स्पर्शाने विटाळ होतो हे मानणे कायद्याने संपवले, पण कोणते पाणी कोणाला चालेल याची वाटणी मिळकतीच्या मार्गाने चालू राहू शकते.

सवलत मुळातच रद्द करावी असा निष्कर्ष यातून काढणे सोपे आहे, परंतु तो टिकणार नाही. 1.2 मिलिग्रॅमचा हापसा बंद करून गावाला गढूळ ओढ्याकडे पाठवणे हे शुद्धतेच्या नावाखाली केलेले क्रौर्य ठरेल. सवलत राहावी, पण ती आपद्धर्म म्हणून राहायची असेल तर तिला मुदत हवी आणि ती मुदत ग्रामसभेत सांगितली गेली पाहिजे. महाराष्ट्रात पाणवठ्यांच्या सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतींना जोखमीनुसार हिरवी, पिवळी, लाल कार्डे देण्याची पद्धत आहे, आणि गावातला जलसुरक्षक टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून ओटी चाचणीने पाण्यात क्लोरिन उरला आहे की नाही हे पाहतो. ही सारी व्यवस्था प्रामुख्याने जंतूंकडे लक्ष ठेवून उभी आहे. क्लोरिनने फ्लोराइड जात नाही. तेव्हा एखादा स्रोत दुसऱ्या रकान्याच्या आधाराने चालू असेल, तर ते त्या हापशापाशी लिहिलेले असणे, कोणत्या वर्षापर्यंत आणि कोणत्या योजनेची वाट पाहत हे नमूद असणे, ही किमान अपेक्षा ठरते.

त्यानंतरही एक भाग उरतो, जो उषस्तीच्या कथेने सुटत नाही. त्याने स्वतःसाठी निवड केली. पत्नीसाठी धान्य नेले तेव्हाही ते खावे की राखावे हे तिनेच ठरवले. फ्लोराइडचे दातांवरील डाग मात्र साधारण आठव्या वर्षाच्या आत, दंतवल्क म्हणजे दाताचे वरचे कठीण आवरण तयार होत असतानाच पक्के होतात, आणि त्या वयाच्या पिणाऱ्याला ग्रामसभेत मत नसते.