घरचीच

पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला शेजारी बसणाऱ्या दोन मुली एकाच वर्षी ओ-पेअर म्हणून जर्मनीला गेल्या. श्रुती पुण्याचीच, तिला स्टुटगार्टमधलं घर मिळालं. पल्लवी नाशिकची, ती तिथून लोकलने वीसएक मिनिटांवरच्या एस्लिंगनला गेली. ओ-पेअर म्हणजे नक्की काय, हे दोघींच्याही घरी शेवटपर्यंत कुणाला उमगलं नाही. श्रुतीची आजी सोसायटीत सांगायची, ‘शिकायला गेलीय.’ पल्लवीचे काका म्हणायचे, ‘म्हणजे आयाच ना?’ दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. सत्ताविशीच्या आतल्या मुलामुलींनी जास्तीत जास्त वर्षभर एखाद्या कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, वरकाम करायचं आणि भाषा शिकायची. बदल्यात स्वतंत्र खोली, जेवणखाण, विमा, महिन्याला २८० युरो हातखर्च आणि भाषेच्या वर्गासाठी ७० युरो. काम दिवसाला सहा तास, आठवड्याला तीस, त्यावर नाही. आठवड्याला दीड दिवस सुट्टी.

हे सगळं दोघींच्या करारात शब्दशः सारखं होतं. फरक पडला तो घरात पाऊल टाकल्यावर.

पल्लवीच्या यजमानीणबाईंनी तिला दारातच मिठी मारली आणि म्हणाल्या, “आजपासून तू आमच्या घरातलीच.” श्रुतीच्या यजमानीण काट्रिननेही मिठी मारली, पण मग तिला फ्रिजपाशी नेलं. फ्रिजवर चुंबकाने एक तक्ता लावलेला, त्याला सुतळीने पेन्सिल बांधलेली. सोमवार, पावणेसात ते सव्वाआठ, मुलांची न्याहारी आणि डबे. दुपारी धाकट्याला बालवाडीतून आणणं. गुरुवारी संध्याकाळ मोकळी, भाषेचा वर्ग. सगळ्या रकान्यांची बेरीज खाली ठळक अक्षरांत: तीस. श्रुतीला ते लागलं. ज्या घरात जेवायचं, झोपायचं, त्या घरात मिनिटांचा हिशेब? रात्री तिने पल्लवीला फोन केला. पल्लवी म्हणाली, “नशीब गं माझं. आमच्याकडे असलं काही नाही.”

नोव्हेंबर सरला आणि अॅडव्हेंट सुरू झाला. ज्यांनी जर्मनीतला डिसेंबर पाहिला नाही त्यांना सांगायला हवं की तिथे नाताळ हा एक दिवस नसतो, तो महिनाभर चालतो. चार रविवारी चार मेणबत्त्या. ही चाल हॅम्बुर्गच्या योहान हिन्रिख विखर्न या पाद्र्याने १८३९ साली गरीब मुलांसाठी सुरू केली. ‘नाताळ कधी येणार’ म्हणून मुलं सारखी विचारायची, तेव्हा त्याने गाडीच्या जुन्या चाकावर रोजची एक मेणबत्ती लावून दिली. शिवाय चोवीस खिडक्यांचं कॅलेंडर, रोज एक उघडायची. बाहेर साडेचारला अंधार आणि घरात दालचिनीचा वास. मुलं साखर खाऊन बेभान, शाळेत कार्यक्रम, आईबापांच्या ऑफिसांत पार्ट्या. आपल्या दिवाळीच्या आधीचा पंधरवडा आठवावा. घरकाम करणाऱ्याच्या दृष्टीने सण म्हणजे काय, हे त्या पंधरवड्यात कळतं.

एका शनिवारी काट्रिन फानिलेकिप्फर्ल करायला बसली. बदामाच्या पुडीच्या, बोटभर लांबीच्या, करंजीसारख्या वळणाच्या बिस्किटांना हे नाव. भाजून गरम असतानाच व्हॅनिलाच्या साखरेत घोळवायची, नाहीतर साखर धरत नाही. आणि गरम असताना हात जरा जोरात लागला की मोडतात. श्रुती बाह्या सरसावून आली, तर काट्रिनने विचारलं, “तू मुलांकडे बघणार आहेस की आमच्याबरोबर करणार आहेस? बघणार असलीस तर तासांत धरते.” श्रुतीला हसावं की रडावं कळेना. ती म्हणाली, “करणार आहे,” आणि पहिल्याच घाण्यातली निम्मी मोडली. मोडलेली थोरल्या मुलीने आणि तिने मिळून उभ्या उभ्या संपवली.

पुढच्या आठवड्यात काट्रिनच्या ऑफिसची नाताळ पार्टी लांबली. ती आली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. कोटही न काढता तिने पेन्सिल उचलली, बुधवारच्या रकान्यात ‘अधिक तीन’ लिहिलं आणि शुक्रवारची दुपार खोडून टाकली.

“अगं, जाऊ दे,” श्रुती म्हणाली. “मुलं झोपलीच होती. मी माझं वाचत बसले होते.” चाळिशीच्या बाईला नावाने एकेरी हाक मारणं तिला आत्ता कुठे जमायला लागलं होतं.

“आज तू जाऊ दे म्हणशील,” काट्रिन म्हणाली, “आणि पुढच्या वेळी मी तुला विचारणारच नाही. वाईट म्हणून नाही, सवय म्हणून. मला मी चांगली माहीत आहे.”

तिसऱ्या अॅडव्हेंटच्या रविवारी दोघी मैत्रिणींनी एस्लिंगनच्या नाताळबाजारात भेटायचं ठरवलं. तिथला मध्ययुगीन बाजार प्रसिद्ध आहे. जुन्या वेशातले विक्रेते, लोहार, मशाली. श्रुती तीनला पोचली. गरम फळरसाचा मग घेतला, त्याची अनामत भरली, मग परत करून अनामत सोडवली, पुन्हा घेतला. पल्लवी सहाला आली. हातमोजा काढला तर बोटांची पेरं फुटलेली.

“भांड्यांचं मशीन बिघडलंय,” ती म्हणाली. “आणि पाहुणे आलेत. यजमानांची आई आहे, बहीण, बहिणीची तीन मुलं. नवीन वर्षापर्यंत आहेत सगळे. वर्गाला जाऊन दोन आठवडे झाले.”

“तास किती होतात गं?”

“कोण मोजतंय! सकाळी साडेसहाला उठते, मुलं झोपली की सुटते. त्या म्हणतात, तुझ्याशिवाय आमचा नाताळ होणारच नाही.”

“सांग ना त्यांना. करार आहे.”

“घरातलीच म्हणतात गं मला. आपल्यात असं मोजतात का?”

श्रुती गप्प झाली. मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिने विचारलं, “निकोलाउसच्या रात्री तुझे बूट दारात होते?”

५ डिसेंबरच्या रात्री मुलं आपले बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात, आणि सकाळी त्यांत आक्रोड, संत्री, चॉकलेट निघतं. स्टुटगार्टच्या घरी ओळीत पाच जोड होते. काट्रिनने श्रुतीला स्वयंपाकघरातून हाताला धरून आणून तिचे बूट ठेवायला लावले होते.

पल्लवी हसली. “मुलांचे मी घासले. रात्री भरलेही मीच. माझे कशाला असतील?”

चोवीस तारखेला श्रुतीच्या तक्त्यावर तीन दिवसांवरून एक तिरकी रेघ होती. सकाळी ती सवयीने कप विसळायला उभी राहिली, तर काट्रिनच्या नवऱ्याने तिच्या हातातून स्पंज काढून घेतला आणि सांगितलं, आज आणि उद्या पाळी त्याची. दुपारी दोनला दुकानं बंद झाली, रस्ते ओस पडले. संध्याकाळी बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री एवढं साधं जेवण, म्हणजे कुणालाच चुलीपाशी अडकून पडावं लागत नाही. या गोष्टीचं मला फार कौतुक वाटतं. मग घंटी वाजली, खोलीचं दार उघडलं, मुलं झाडाकडे धावली. श्रुती सोफ्यावर बसली होती. हातात काही काम नाही, कुणी काही मागत नाही. हात मांडीवर ठेवावेत की घडी घालावेत, तेही तिला सुचेना. मग धाकटा येऊन तिच्या मांडीवर बसला आणि तो प्रश्न मिटला.

पंचवीसला सकाळी तिने पुण्याला व्हिडिओ कॉल केला. तिथे दुपारचे अडीच. दादा-वहिनी मुलांना घेऊन आलेले, घर भरलेलं. आईच्या मागे कामाच्या मावशी वाकून फरशी पुसत होत्या. एरवी त्या साडेअकराला जातात.

“मावशी अजून आहेत?”

“अगं, एवढी माणसं आलीत. थांब म्हटलं, थांबली. तिचं काही नसतं तसं.”

“आई, दिवाळीत त्यांना सुट्टी किती दिली आपण?”

“सुट्टी?” आईने चष्मा वर केला. “लक्ष्मीपूजनाला सकाळी येऊन सगळं करून गेली ती. साडी दिली, फराळ दिला, बोनस दिला. चौदा वर्षं आहे, घरचीच आहे ती.”

“दिवाळीचा फराळ त्या कुठे बसून खातात?”

आईने यावर उत्तर दिलं नाही. म्हणाली, “तिकडे जाऊन तुला फार कळायला लागलंय,” आणि फोन वहिनीकडे दिला.

आईचंही अगदीच चूक नव्हतं. चौदा वर्षांत मावशींच्या मुलीची फी, दवाखाना, उसनवारी, सगळ्याला ती उभी राहिली होती. पण ते दर वेळी मावशींना मागावं लागलं होतं, आणि तिने दर वेळी ते दिलं होतं. ज्या पुण्यात १९८० साली मोलकरणींनी पगार आणि सुट्टीसाठी संप केला, ज्या राज्यात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला, तिथे आजही ‘घरचीच’ हा शब्द पुढे आला की बोलणं थांबतं. समोरच्याचं तर थांबतंच, आपलंही थांबतं.

पल्लवीने नवीन वर्षाच्या आदल्या दिवशी करार काढून यजमानीणबाईंसमोर ठेवला. त्या दुखावल्या. रडल्या म्हणे. जानेवारीत एजन्सीने पल्लवीला दुसरं घर शोधून दिलं. तिथे तिचा वर्ग चुकत नाही, एवढं खरं. बाकी ती माणसं कशी आहेत हे अजून कळायचंय.

आईचा राग आठवडाभर टिकला. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला, आवाज जरा चढा, म्हणजे काहीतरी ठरवून बोलत होती.

“तुमच्याकडे ते दीड दिवस म्हणतात, त्यातला अर्धा कसा धरायचा? सकाळचा की दुपारचा? आणि ऐन वेळी पाहुणे आले तर?”

“मला काय विचारतेस?” श्रुती म्हणाली. “मावशींना विचार.”