मिठाचं काम

1972 च्या दुष्काळात मराठवाडा सोडून अंबरनाथला आलेली एक आजी दर उन्हाळ्यात चाळीच्या गच्चीवर मटणाच्या चान्या, म्हणजे पातळ पट्ट्या, वाळत घालायची. मांस टिकवण्याची ही रीत शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये नोंदवली आहे.

आजीला रक्तदाबाचा त्रास निघाला. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, डॉक्टरांनी बजावलं.

थोरल्या सुनेनं मीठ निम्मं केलं, बाकी सारं पूर्वीसारखंच. तिसऱ्या दिवशी दोरीवरच्या चान्यांना वास सुटला. बदलापूरच्या धाकटीनं पोटॅशियमचं मीठ आणून सढळ हातानं चोळलं. चान्या टिकल्या, पण कडवट झाल्या. आजीनं ताट सारलं.

नातीनं मात्र आधी आजीलाच विचारलं, “आजे, गावाकडं मीठ किती घालायचीस गं?”

“चिमूटभर. तिथलं वारंच कोरडं. दोन उन्हांत लाकडावानी व्हायच्या. हितं दमट, वाळंनातच. मग वाढवलं मीठ.”

म्हणजे अंबरनाथला मीठ चवीसाठी वाढलंच नव्हतं. गावच्या वाऱ्याचं काम ते करत होतं. मांसातलं पाणी ओढून घेणं आणि जंतूंना वाढू न देणं, हे ते काम. मीठ काढायचं तर ते दुसऱ्या कुणी करायला हवं. नातीनं उल्हासनगरच्या कारागिराकडून पत्र्याची पेटी करून घेतली: खाली कॉइल, मागे पंखा, आत जाळ्या. मटणाच्या पातळ पट्ट्या आधी चिंचेच्या पाण्यात उकळून पूर्ण शिजवल्या, मग पेटीत 60 अंशांवर कडक वाळवल्या. मीठ कमी असल्यानं डबा फ्रीजमध्ये ठेवला.

चवीचं कोडं आजीनं सोडवलं. आंबटपणा असला की कमी मीठही जिभेला पुरतं. चान्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजल्या की खमंगपणा येतो. वर ठेचलेला लसूण आणि घरचा येसूर मसाला. पहिला घास खाऊन ती म्हणाली, “गावची चव आली.” दोघी सुनांनी त्याच दिवशी पेटीचं माप लिहून घेतलं.

तुमच्या घरीही वाळवणातलं मीठ कमी करायचं असेल, तर आधी ते तिथं कशासाठी पडतंय हे जुन्या माणसांना विचारा. आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पोटॅशियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.